दोष रक्ताचा नाही, आईचा तर नाहीच



मी जीवरसायनशास्त्र या विषयात पीएच.डी.चे संशोधन करते. वस्तीत हे समजावून सांगणे अवघड जाते. शेजारच्या मावशी विचारतात, "डाक्टर व्हतेस ना वं, मंग सुई काहून नाही टोचत?" बाबांचे मित्र विचारतात, "एम.एस्सी. झाली, आता अजून किती शिकन? नोकरी कवा लागन?" प्रश्न रास्त आहेत. ज्या घरात संध्याकाळची चूल सकाळच्या मजुरीवर पेटते, त्या घरातील मुलगी एकोणतिसाव्या वर्षीही काचेच्या नळ्या हलवत बसली असेल, तर ती तिथे नेमके काय करते हे विचारण्याचा हक्क घराला आणि वस्तीला आहेच. म्हणून हा लेख. मी ज्याचा अभ्यास करते ते आपल्यापैकी अनेकांच्या घरात, अंगात आणि रक्तात आहे. त्याचे नाव सिकलसेल. विदर्भात आपले लोक त्याला नुसते 'सिकलिंग' म्हणतात.

आमच्या घरची हकीकत

आमचे बाबा नागपूरच्या एका कापड गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली आणि ते हमालीला लागले. आई चार घरची धुणीभांडी करायची. आम्ही तीन भावंडे. थोरली ताई अडीच वर्षांची असताना गेली. मी तिला पाहिलेले नाही. दोन दिवसांचा ताप, पोट फुगलेले, अंग पांढरेफटक, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सारे संपले, एवढेच आईकडून ऐकले. माझ्यानंतर भाऊ झाला. तो आठ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजले. रात्र रात्र रडायचा. चालायला लागल्यावर गुडघे, मांड्या, कंबर दुखायची. मधूनच डोळे पिवळे व्हायचे. कोणी म्हणे कावीळ आहे, उतरवून आणा. कोणी म्हणे वात आहे. कोणी म्हणे बाहेरचे आहे. एका खासगी दवाखान्यात सांधेदुखीचा ताप म्हणून त्याला दोन वर्षे इंजेक्शने दिली. आईच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या त्यातच गेल्या.

पण इंजेक्शनांपेक्षा जास्त टोचणारे होते ते घरातले बोलणे. आजी मनाने वाईट नव्हती. भावाचे पाय तीच रात्रभर शेकायची. तरी तिच्या तोंडून निघायचेच, "पहिली गेली, हा असा. या बाईच्या कुशीतच खोट हाय." आई उत्तर देत नसे. भांडी घासण्याचा आवाज तेवढा वाढायचा.

२००८ साली वस्तीत रक्त तपासणीचे शिबिर झाले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. बोटाला सुई टोचून आम्हा चौघांचे रक्त घेतले. पहिल्या चाचणीत संशय आला म्हणून पुन्हा सरकारी दवाखान्यात बोलावले. भावाचा रिपोर्ट 'एसएस' आला, म्हणजे सिकलसेलग्रस्त. माझा 'एएस', म्हणजे वाहक. आईचा 'एएस', आणि बाबांचाही 'एएस'. तिथल्या समुपदेशक बाईंनी आई-बाबांना समोर बसवले. कागदावर चार रेघा ओढून समजावून सांगितले, की हा दोष मुलाकडे जातो तो अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून. दोन अर्धे एकत्र आले तरच मूल आजारी होते. नुसत्या आईकडून किंवा नुसत्या बापाकडून आला तर मूल वाहक होते, पण आजारी होत नाही.

बाबा वाटभर काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर आजीसमोर बसून एवढेच म्हणाले, "माय, अर्धं माह्याकडलं हाय. आता तिले काही बोलू नको."

त्या दिवसापासून आमच्या घरातले ते बोलणे बंद झाले. आईचे चौदा वर्षांचे ओझे एका कागदाने उतरवले. ताईची तपासणी कधीच झाली नव्हती, त्यामुळे ती सिकलसेलनेच गेली असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण अंग पांढरे पडणे, पोट फुगणे आणि ताप, हे सारे आज माझ्यासमोर कोणी सांगितले तर मी त्या आईला त्याच क्षणी दवाखान्यात पिटाळीन. तो कागद नेमके काय सांगत होता, हे मुळापासून समजून घ्यायचे म्हणून मी या शास्त्राकडे वळले.

पेशीचा विळा होतो कसा?

आता रक्तात काय घडते ते पाहू. विषय जड वाटेल, पण आपल्या आयाबहिणींना न समजण्याजोगे त्यात काही नाही.

रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. त्यांचा आकार मध्ये दबलेल्या गोल चकतीसारखा असतो. त्या मऊ आणि लवचिक असतात. आपल्या शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या त्या पेशीहूनही अरुंद असतात, तरी ती दुमडून, अंग चोरून पार होते. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि हातापायांपर्यंत, हाडांपर्यंत, मेंदूपर्यंत नेऊन द्यायचा, हे त्यांचे काम. रेल्वे स्टेशनवरचे हमालच म्हणा ना.

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार माळांचा बनलेला असतो. दोन माळा अल्फा, दोन बीटा. अल्फा माळेत १४१ मणी आणि बीटा माळेत १४६. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. ती वीस प्रकारची असतात आणि कोणता मणी कुठे ओवायचा हे आपल्या जनुकात लिहिलेले असते. सिकलसेलमध्ये बीटा माळेतील सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतो. बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे. जनुकाच्या भाषेत सांगायचे तर तीन अक्षरी शब्दातील मधले एक अक्षर बदललेले असते, 'ए'च्या जागी 'टी'. एवढ्या एका अक्षराने माणसाचे सारे आयुष्य बदलते.

एका मण्याने एवढे काय बिघडावे? ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे आहे. व्हॅलिन तेलाच्या स्वभावाचा, पाण्यापासून दूर पळणारा. हिमोग्लोबिनजवळ प्राणवायू असतो तोपर्यंत काही त्रास होत नाही. प्राणवायू देऊन टाकला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या अंगावर एक लहानशी खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचा व्हॅलिन त्या खाचेत नेमका बसतो. मग त्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. अशा चौदा सरी एकमेकींभोवती वळून दोर तयार होतो. पेशीच्या आत असे ताठ दोर झाले की ती गोल राहूच शकत नाही. ती लांबट, वाकडी, विळ्यासारखी होते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल.

विळ्यासारखी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. तिच्यामागे दुसऱ्या अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग ओरडू लागतो. भावाच्या हाडांतली कळ म्हणजे हीच कोंडी. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही मात्र १० ते २० दिवसांत मोडते. शरीर नव्या पेशी तितक्या वेगाने तयार करू शकत नाही, म्हणून अंगात रक्त कमी राहते. मोडलेल्या पेशींतला पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. म्हणजे ती कावीळ उतरवण्याजोगी नव्हतीच. लहान मुलांत कधी पाणथरीत रक्त एकदम साचते, पोट फुगते, अंग पांढरे पडते, आणि काही तासांत जीव धोक्यात येतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिनेच माझे मन या शास्त्रात गुंतवले. दोर वळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात पेशी बारीक वाहिनीतून सटकून पुन्हा फुप्फुसाकडे गेली, तर प्राणवायू मिळून दोर सुटतात आणि ती वाचते. म्हणजे सारा खेळ त्या थोड्या वेळाचा आहे. पेशीतले पाणी कमी झाले, आतला माल जरासा दाट झाला, की दोर कितीतरी पटींनी लवकर वळतात. म्हणून डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर प्या, उन्हातान्हात राबू नका, थंडीत अंग झाका, ताप अंगावर काढू नका. ही पथ्ये डॉक्टरांनी मनाने ठरवलेली नाहीत. प्रत्येक पथ्य त्या दोराचा वेळ लांबवण्यासाठी आहे.

हे कळले कसे?

या आजाराच्या शोधाचा इतिहास मला आपल्या मुलांनी वाचावा असा वाटतो, कारण त्यात साहेबलोकांपेक्षा दुखावलेली माणसे जास्त आहेत.

ज्याच्या रक्तात हा विळा प्रथम पाहिला गेला तो वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला तो शिकागोला आला होता. १९०४ साली तो तिथल्या रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच्या रक्ताचे वर्णन जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली प्रसिद्ध केले. नोएल आजारपणातच शिकून दंतवैद्य झाला, आपल्या बेटावर परतला आणि १९१६ साली वारला.

पेशी वाकडी का होते, हे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे कळले नाही. ते कोडे सोडवणाऱ्यांत हार्वे इटानो हा एक पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याचे आई-वडील जपानमधून अमेरिकेत आलेले. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यात इटानोही होता. त्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठात तो सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणून सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, पण पदवीदान समारंभाला तो जाऊ शकला नाही. गुन्हा एकच, जन्म. छावणीतून सुटून तो डॉक्टर झाला. मग कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला बसला.

त्याने निरोगी माणसाचे आणि आजारी माणसाचे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात ठेवले. दोन्ही वेगवेगळ्या चालीने सरकले. आणि आई-बापांसारखे जे वाहक असतात, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. नोव्हेंबर १९४९ मध्ये पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते, हे जगाला प्रथमच दाखवले गेले. पुढे १९५६-५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी बदललेला तो एक मणी शोधून काढला. तेही लहानपणी हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले निर्वासित. आज आपल्या दवाखान्यात 'एएस', 'एसएस' ठरवण्यासाठी विजेच्या प्रवाहाची जी चाचणी करतात, तिचे मूळ इटानोच्या त्या कामात आहे. २००८ साली आमच्या घरातले बोलणे ज्या कागदाने थांबवले, त्यावर त्या छावणीतल्या मुलाचाही हात होता, असे मला नेहमी वाटते.

मी दिवसभर काय करते?

सकाळी रुग्णालयातून रक्ताच्या छोट्या कुप्या येतात. कुपीवर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. मी ते रक्त यंत्रात फिरवते, तांबड्या पेशी खाली बसतात. त्या मिठाच्या पाण्याने तीनदा धुते. मग शुद्ध पाणी घालून फोडते, की आतले हिमोग्लोबिन बाहेर येते. त्याचा लहानसा ठिपका पट्टीवर ठेवून वीज सोडते. थोड्या वेळाने पट्टीवर लाल रेघा वेगळ्या होतात. सर्वांत पुढे 'ए', तिच्यामागे 'एफ', मग 'एस'.

यातली 'एफ'ची रेघ माझ्या अभ्यासाचा विषय आहे. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या रक्तात 'एफ' नावाचे वेगळे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा माळ नसतेच, म्हणून तो बदललेला मणीही नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जाते आणि 'एस' वाढते. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि मग पंजे सुजतात. पण काही रुग्णांत मोठेपणीही 'एफ' बऱ्यापैकी टिकून राहते. ते 'एस'च्या दोरात मिसळत नाही, उलट दोर वळण्यात आडकाठी करते. अशांना त्रास कमी होतो. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी बऱ्याच रुग्णांत 'एफ' वाढवते. तिचा उपयोग होतो हे १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. माझा भाऊ ती पंधराव्या वर्षापासून घेतो. त्याआधी वर्षातून पाच-सहा वेळा तो भरती असायचा. आता दोन-दोन वर्षे तशी पाळी येत नाही. मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान तो चालवतो. पण हीच गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. एकाच्या रक्तात 'एफ' झपाट्याने वाढते, दुसऱ्याच्या जेमतेम. असे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न लहान आहे आणि उत्तर सावकाश येते. पट्ट्या बिघडतात, वीज जाते, रसायन संपते आणि नवे यायला दोन महिने लागतात. एकदा शिष्यवृत्ती आठ महिने आली नाही, तेव्हा बसच्या पासचे पैसे भावाने दिले. पण एक प्रसंग मला बळ देतो. रक्त घेण्यापूर्वी संमतीची सही घ्यावी लागते. भंडाऱ्याकडची एक आई मुलाला घेऊन आली होती. तिने विचारले, "बाई, याच्यानं माह्या पोराले फायदा व्हईल का?" मी म्हणाले, "मावशी, खरे सांगते, लगेच नाही." ती क्षणभर थांबली. मग मुलाचा हात पुढे करून म्हणाली, "कोणाच्या तरी पोराले व्हईल ना? घे." त्या दिवशीची पट्टी मी जपून ठेवली आहे.

आपल्याच लोकांत का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारताना अनेकांची मान खाली असते. ती खाली घालण्याचे काही कारण नाही. अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले, की वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि आपला मध्य भारत, जिथे जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता, तिथे तिथे हे अक्षर टिकून राहिले. आपल्या पूर्वजांतील कित्येक बाळे त्या तापातून वाचली ती यामुळेच. हे अक्षर म्हणजे कोणाच्या मागच्या जन्मीचे पाप नव्हे. ज्याला कारण आहे, त्याला पाप म्हणू नये. तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला तो याचसाठी.

पण ते काही समाजांतच दाटून का राहिले, याला दुसरे कारण आहे. ते रक्तात नाही, समाजरचनेत आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा तेही पंचविशीतले संशोधक विद्यार्थीच होते. जातीचे मूळ आपापसातच लग्ने लावण्याच्या बंधनात आहे, असे त्यांनी त्यात मांडले. पिढ्यान्पिढ्या बांध घालून ठेवलेल्या पाण्यात जे असेल ते आतच फिरत राहते. आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांत वाहकाची गाठ वाहकाशी पडण्याचा संभव त्यामुळे वाढला. रक्ताला उच्च-नीच काही नसते. पट्टीवर ठिपका ठेवला, की तो कोणाचा हे मलाही ओळखता येत नाही.

लग्नाचा प्रश्न

मी स्वतः वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. माझी तब्येत धडधाकट आहे, मी कष्टाची सर्व कामे करते. पण स्थळ आले की मी पहिल्या भेटीतच रिपोर्ट समोर ठेवते. बाबा सुरुवातीला म्हणाले, "पहिलेच कायले सांगतं? ठरू दे, मंग सांग." मी म्हटले, "बाबा, आईला चौदा वर्षे जे कळले नाही, ते मी एका माणसापासून लपवू?" त्यानंतर ते बोलले नाहीत.

एक स्थळ रिपोर्ट बघूनच परत गेले. "पोरीत खोट आहे" असा निरोप मध्यस्थाकडून आला. दुसरा मुलगा समजूतदार होता. त्याने तपासणी केली आणि तोही 'एएस' निघाला. आम्ही दोघांनी बसून विचार केला. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक संभव मूल आजारी होण्याचा, चारात दोन वाहक होण्याचा आणि चारात एक पूर्ण निर्दोष होण्याचा. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नाही. दर वेळी नवीन चिठ्ठी उचलावी लागते. अशा जोडप्यांसाठी गर्भाची तपासणी पहिल्या तीन महिन्यांत होऊ शकते, हेही मी त्याला सांगितले. आम्ही दोघांनी मिळून नाही ठरवले आणि चहा पिऊन उठलो. तो आज त्याच्या संसारात सुखी आहे आणि त्याची पत्नी 'एए' आहे. त्यांची मुले फार तर वाहक होतील, आजारी होणार नाहीत.

आया आणि बापांना माझी विनंती आहे. तपासणी फक्त मुलीची करून तिला नाकारू नका. दोष अर्ध्या-अर्ध्याने येतो, तर तपासणीही दोघांची झाली पाहिजे. पत्रिका आपण सोडली, त्या जागी हा एक कागद ठेवा.

आज काय करता येईल?

आता दिवस बदलले आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकते. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य ठरवले गेले. नागपुरात संपत रामटेके यांनी मुलाच्या आजारातून धडा घेऊन सिकलसेल सोसायटी उभारली आणि आयुष्यभर या रुग्णांसाठी झटले. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हेही आपलेच बळ.

२०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकाला कात्री लावून 'एफ' पुन्हा सुरू करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या घरात होती. तो आपल्या वस्तीत कधी येईल हे मी सांगू शकत नाही. दिल्लीच्या एका सरकारी संस्थेत स्वस्त पद्धतीसाठी काम चालू आहे. तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते सोडू नये.

घरात कोणी ग्रस्त असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, लसी आणि लहान मुलांना पेनिसिलिन डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. हायड्रॉक्सीयुरिया स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि बंदही करू नका, त्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर लागते. लग्न झालेल्यांनी मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. ताप आला, छातीत दुखले, श्वास लागला, पोट एकाएकी फुगले, अंग पांढरे पडले किंवा हातपाय लुळा पडला, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. मुलांना शाळेत पाण्याची बाटली द्या आणि गुरुजींना सांगून ठेवा, की हे मूल आळशी नाही, त्याच्या रक्तात प्राणवायू कमी आहे.

आणि ज्या घरात एखादी सून अजूनही खाली मान घालून भांडी घासत असेल, त्या घरातील कर्त्या माणसाने आपली स्वतःची तपासणी आधी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्यासाठी पैसे लागत नाहीत.

जयभीम.